निंबाखाली दप्तरं राखणारी मुलगी

पत्र : मॅडम, नमस्कार. मी 32 वर्षांची. अमळनेर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. जन्मापासून हृदयात दोष होता, कागदावर ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ असं लिहिलंय. सात वर्षांची असताना मुंबईत मोठं ऑपरेशन झालं. त्यानंतर शाळा संपेपर्यंत पीटीच्या तासाला मी निंबाखाली बसून सगळ्यांची दप्तरं राखली. आता लग्न झालंय, मुलगा चार वर्षांचा आहे. आठ महिन्यांपूर्वी दोन मैत्रिणींसोबत सकाळी शेतरस्त्याने चालायला सुरुवात केली. आता चार किलोमीटर होतात. झोपेतून उठल्यावर नाडी पूर्वी 84 लागायची, आता 76 लागते. जिन्यात थांबावं लागत नाही. पण आई फोनवर रडते. भाऊ म्हणतो, ‘माणसाला ठोके मोजून दिलेले असतात, तू ते उधळतेस. आज बरं वाटतंय, दहा वर्षांनी कळेल.’ शेवटची टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) गरोदरपणात झाली. तेव्हा डॉक्टर म्हणाले, झडपेला गळती आहे, लक्ष ठेवू. मग राहूनच गेलं. व्यायामाने हृदय पुढे जाऊन झिजतं का? येत्या चैत्रात गावच्या दिंडीसोबत सप्तशृंगी गडावर पायी जायची फार इच्छा आहे, जाऊ का? आणखी एक. माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगी आहे. तिच्या हृदयाचं भोक दोन वर्षांपूर्वी बंद केलंय. तीही निंबाखाली बसते. तिला बघितलं की पोटात कालवतं.

उत्तर :

प्रिय ताई,

तुम्ही आठ महिने या प्रश्नाच्या ओझ्याखाली चालताय, म्हणून उत्तर आधी देते. तुम्ही करताय तेवढ्या चालण्याने हृदय झिजत नाही. चालणं बंद करू नका. मात्र नव्या तपासण्या होईपर्यंत वेग वाढवू नका आणि अंतरही वाढवू नका. तुमच्या पत्रातली एकच गोष्ट वाचून मी थबकले, ती म्हणजे ‘मग राहूनच गेलं’.

जळगावात मी हृदयाच्या रुग्णांचा व्यायाम घेते. लहानपणी ऑपरेशन झालेली आणि आता तिशी-चाळिशीत आलेली माणसं माझ्याकडे येतात. जवळपास प्रत्येकासोबत एक घाबरलेली आई असते. कधी ती शेजारच्या खुर्चीवर बसलेली असते, कधी फोनवर असते. तुमच्या आईपासूनच सुरुवात करू, कारण त्यांच्या भीतीला कारण आहे आणि ते कारण समजल्याशिवाय तुम्हाला त्यांची समजूत घालता येणार नाही.

फॅलोच्या दोषात चार गोष्टी एकत्र असतात. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असतं. फुप्फुसाकडे रक्त नेणारी वाट अरुंद असते. महाधमनी, म्हणजे अंगभर रक्त नेणारी मोठी वाहिनी, त्या भोकाच्या वर सरकलेली असते. आणि अरुंद वाटेतून रक्त ढकलून ढकलून उजवा कप्पा जाडजूड झालेला असतो. त्यामुळे फुप्फुसात न गेलेलं, ऑक्सिजन कमी असलेलं रक्त थेट अंगभर फिरतं. अशी मुलं धावली की ओठ-नखं निळी पडतात आणि ती मधेच उकिडवी बसतात. हे त्यांना कोणी शिकवत नाही. उकिडवं बसलं की पायांकडच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, शरीराकडच्या वाटेचा दाब वाढतो आणि जास्त रक्त फुप्फुसाकडे वळतं. तीन-चार वर्षांच्या लेकरालाही हा उपाय आपसूक सापडतो.

तुमच्या आईने हे अंगणात कितीदा पाहिलं असेल! खेळता खेळता लेक निळी पडली, खाली बसली, धापा टाकायला लागली. ‘पयू नको वं माय’ हे तेव्हाचं बोलणं अगदी बरोबर होतं. त्या हृदयाला पळणं खरोखर झेपत नव्हतं. पण ऑपरेशनमध्ये भोक बंद झालं, अरुंद वाट मोकळी केली गेली, निळं रक्त अंगात जायचं थांबलं. छाती बदलली, आईच्या डोळ्यांसमोरचं चित्र मात्र तेच राहिलं. तेव्हाच्या डॉक्टरांनीही बहुधा ‘जपा हिला’ एवढंच सांगून घरी पाठवलं असेल. किती जपायचं, कधीपर्यंत जपायचं, हे सांगायची पद्धतच नव्हती. आईला दोष देऊ नका.

भावाचं म्हणणं आपण त्याच्याच हिशोबाने तपासू. ठोके मोजून दिलेत असं घटकाभर धरून चालू. तुमची नाडी 84 वरून 76 वर आली, म्हणजे मिनिटाला आठ ठोके कमी. दिवसाची मिनिटं 1,440. रोजचे 11,520 ठोके वाचले. आता खर्च बघा. पाऊण तास चालताना नाडी 120 पर्यंत जाते असं समजा, म्हणजे एरवीपेक्षा मिनिटाला 44 ठोके जास्त. त्याचे झाले 1,980. भावाला वही-पेन घेऊन बसवा आणि विचारा, उधळपट्टी कोण करतंय? खरं तर ठोक्यांचा असा कोटा कोणालाही ठरवून दिलेला नसतो. पण सरावाने हृदय तेच काम कमी ठोक्यांत करायला शिकतं, हे या हिशोबातून त्यालाही पटेल.

आता मुख्य प्रश्नाकडे येते. दीर्घकाळात काय होतं?

तुमच्यासारख्यांची दमछाक लवकर होते ती फक्त हृदयामुळे नव्हे, ही गोष्ट फार थोड्यांना सांगितली जाते. एक भाग हृदयाचा असतोच. झडप गळते, कप्पा ताणलेला असतो, कधी नाडीच हवी तेवढी वर जात नाही. दुसरा भाग मात्र वर्षानुवर्षं बसून राहिल्याचा असतो. ज्या मांड्या-पोटऱ्यांना कधी काम दिलंच नाही, त्यांना रक्तातला ऑक्सिजन ओढून घ्यायची सवय राहत नाही. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2005 साली जन्मजात हृदयदोष असलेल्या प्रौढांची श्रमाची क्षमता मोजून प्रसिद्ध केली. ‘मला काही त्रास नाही’ असं म्हणणाऱ्यांची क्षमताही त्यांच्या वयाच्या निरोगी माणसांपेक्षा बरीच कमी भरली. लहानपणापासून जिन्यात थांबतच आलेल्या माणसाला थांबणं हा त्रास वाटतच नाही. तुम्हालाही आठ महिन्यांपूर्वी वाटत नव्हता, बरोबर ना?

त्याच अभ्यासात दिसलं की ज्यांची क्षमता जास्त कमी होती, त्यांच्यावर दवाखान्यात भरती व्हायची वेळ जास्त आली आणि मृत्यूचा धोकाही जास्त होता. याचा अर्थ घाईने काढू नये. हृदय जास्त बिघडलेलं असेल तर क्षमता कमी असणारच, त्यामुळे क्षमता वाढवली की आयुष्य तेवढंच वाढतं असं यातून सिद्ध होत नाही. पण क्षमता वाढवता येते, हे मात्र पक्कं झालंय. वैद्यकीय पुरावे एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा 2020 सालचा आढावा 15 चाचण्या आणि 924 माणसांचा आहे, त्यात मुलंही आहेत आणि मोठेही. व्यायाम करणाऱ्यांची क्षमता सरासरीने वजनाच्या किलोमागे मिनिटाला जवळपास दोन मिलिलिटर ऑक्सिजनने वाढली. आकडा चिमूटभर वाटतो. पण ज्याची सगळी क्षमताच 20 आहे त्याला दोन म्हणजे दहावा हिस्सा. बाजाराची पिशवी घेऊन एका दमात वरच्या मजल्यावर पोचणं याच दोनात बसतं. अशा अभ्यासांत व्यायामामुळे गंभीर त्रास झाल्याच्या घटना अगदी विरळ आहेत. फॅलोचं ऑपरेशन झालेल्यांवर जे प्रयोग झाले, त्यांत उजवा कप्पा व्यायामामुळे आणखी ताणला गेल्याचं दिसलं नाही.

एक मर्यादा भावाला प्रामाणिकपणे सांगा. या चाचण्या बहुतेक दहा-बारा आठवड्यांच्या आहेत. वीस-वीस वर्षं नेमाने व्यायाम घेऊन केलेली मोजणी जगात कुठेच नाही, आणि त्यालाही कारण आहे. फॅलोच्या दोषावर पहिली मदतीची शस्त्रक्रिया झाली 1944 साली, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात. दोष पूर्ण दुरुस्त करणारी शस्त्रक्रिया डॉ. लिलेहाय यांनी मिनेसोटात केली ती 1954 साली. त्याआधी ही मुलं मोठी होईपर्यंत क्वचितच जगायची. दुरुस्त हृदय घेऊन म्हातारी झालेली माणसं जगाने आत्ता कुठे पाहायला सुरुवात केली आहे. तुमची पिढी त्यातलीच आहे. म्हणून माझा सल्ला मी आजवर मिळालेल्या पुराव्यावर आणि शरीराचं जे काम आपल्याला कळलंय त्यावर देते, आणि दरवर्षी तपासणी करून तो पडताळायला सांगते.

टिकण्याबद्दल मात्र मला काडीचीही शंका नाही. व्यायामाचा फायदा व्यायाम चालू असेपर्यंतच असतो. रावेरकडचे एक केळीउत्पादक माझ्याकडे तीन महिने आले होते. त्यांचंही बालपणीच ऑपरेशन झालेलं, वय चाळिशीच्या आसपास. पहिल्या दिवशी आमच्या जिन्याच्या वळणावर कठड्याला धरून उभे राहिले, कपाळावर घाम. तिसऱ्या महिन्यात तोच जिना माझ्याशी केळीच्या भावावर बोलत बोलत चढले. मग कटाई सुरू झाली, पाठोपाठ घरात लग्न निघालं, आणि व्यायाम सुटला. पावसाळ्यात परत आले तेव्हा पुन्हा त्याच वळणावर, त्याच कठड्याला हात. हृदय बिघडलं नव्हतं, इको जशीच्या तशी होती. पायांनी शिकलेलं सगळं विसरून टाकलं होतं. काही आठवडे बसलं तरी कमाई उतरायला लागते. तुमच्या दहा वर्षांच्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर ते दोन जिने आहेत, तिसऱ्या महिन्यातला आणि पावसाळ्यातला. म्हणून मी कोणालाच ‘तीन महिन्यांचा कोर्स’ म्हणून व्यायाम देत नाही. रोजच्या भाकरीसारखा तो रोज लागतो, आणि शिळा चालत नाही.

आणि व्यायामाने जे होत नाही तेही समजून घ्या. गळती झडप चालून बंद होत नाही. ऑपरेशनच्या वेळी फुप्फुसाकडची वाट मोकळी करताना तिथली झडप पुष्कळदा नीट मिटेनाशी होते, आणि प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त उजव्या कप्प्यात परत येतं. पंधरा-वीस वर्षं काहीच कळत नाही. कप्पा गुपचूप मोठा होत राहतो. एका मर्यादेपलीकडे गेला तर नवी झडप बसवावी लागते. काहींना ती छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून नळी घालूनही बसवता येते. वेळेत बसवली तर कप्पा पुष्कळसा सावरतो. उशीर झाला तर सावरत नाही, आणि ठोक्यांची लय बिघडायचा धोका वाढतो. तुमच्या डॉक्टरांनी ‘लक्ष ठेवू’ म्हटलं ते याच्यासाठी. तुम्हाला बरं वाटतंय याचा मला मनापासून आनंद आहे, पण बरं वाटणं म्हणजे झडपेचा अहवाल नव्हे. सरावाने पाय दमदार झाले की झडपेची तक्रार झाकलीसुद्धा जाऊ शकते.

तेव्हा तपासणीचं बघू. युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 साली प्रौढांच्या जन्मजात हृदयदोषांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम ठरवताना दोषाच्या नावावर जाऊ नका, आज हृदय कसं आहे ते बघा, असं सांगितलंय आणि पाच गोष्टी तपासायला लावल्यात. दोन्ही खालच्या कप्प्यांची ताकद कशी आहे, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत दाब वाढलाय का, महाधमनी फुगली आहे का, ठोक्यांची लय बिघडते का, आणि बसल्या जागी व श्रम करताना रक्तातला ऑक्सिजन किती राहतो. मला ही पद्धत फार आवडते. पंचवीस वर्षांपूर्वीच्या फाइलमधलं नाव बघून ‘हिने धावायचं नाही’ म्हणण्यापेक्षा आजचं हृदय बघणं किती न्यायाचं आहे!

तुमच्यासाठी याचा अर्थ असा. ईसीजी आणि टूडी इको अमळनेर, धुळे, जळगाव कुठेही होईल. चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर छोटं यंत्र लावून दिवसभराच्या ठोक्यांची नोंद, तोही या मोठ्या गावांत होतो. पण तो इकोचा अहवाल वाचायला जन्मजात दोषांचा अनुभव असलेला डॉक्टर हवा, आणि त्यासाठी एकदा मुंबई किंवा पुणे गाठावंच लागेल. उजव्या कप्प्याचं माप सर्वांत चांगलं एमआरआयमध्ये कळतं. तोंडाला मास्क लावून सायकल किंवा ट्रेडमिलवर जी चाचणी घेतात, ‘कार्डिओपल्मनरी एक्सरसाइज टेस्ट’, ती जरूर मागा. साध्या स्ट्रेस टेस्टपेक्षा ती जास्त सांगते, कारण तुम्ही श्वासागणिक किती ऑक्सिजन वापरता ते त्यात मोजतात. तुमच्या व्यायामाचा वेग त्या आकड्यांवरून ठरवता येतो.

आणि ताई, त्या दिवशी आईला सोबत न्या. रात्रीच्या गाडीने न्या, सकाळी चाचणी. शक्य असेल तर डॉक्टरांना विचारून त्यांना आत बसू द्या. लेक सायकल मारतेय, घामाघूम झालीय, समोर पडद्यावर ठोके धावताहेत, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा आहे, आणि ओठ लाल ते लालच आहेत. माझ्यासमोर एका आईने हे पाहिलं होतं. चाचणी संपली तेव्हा त्या खुर्चीतून उठल्या, लेकीची नखं हातात घेऊन एकेक बघितली, आणि काही न बोलता पदराने तिचं तोंड पुसलं. मी तासभर समजावून जे झालं नसतं ते त्या बारा मिनिटांत झालं.

अहवाल ठीक असतील तर पुढे काय करायचं तेही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्याच प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रम सांगितलेत. पाऊण तास आणि आठवड्यातून पाच दिवस धरले तर तुम्ही 225 मिनिटांवर आहात. मध्यम म्हणजे काय? चालताना मैत्रिणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, पण ओवी म्हणायला गेलात तर दम पुरायला नको. ओवी आरामात म्हणता आली तर पाय थोडे उचला. वाक्य अर्ध्यात तुटायला लागलं तर हळू व्हा. घड्याळातल्या आकड्यावर विसंबू नका, ठोके कमी ठेवायची गोळी चालू असेल तर तो फसवतो. पहिली आणि शेवटची दहा मिनिटं रमतगमत चाला. जोरात चालून एकदम ओट्यावर बसायचं नाही, त्याने चक्कर येते.

आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम जोडा. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, लिटरभर पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन हात वर करणं, एवढं पुरतं. नियम एकच, जोर लावताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. श्वास कोंडून कुंथत वजन उचललं की दाब एकदम चढतो. भरलेली घागर, धान्याचं पोतं उचलताना बायका नेमका श्वास कोंडतात. घागर उचलूच नका असं मी म्हणणार नाही, अर्धी भरा आणि ‘हूं’ म्हणत उचला.

आपल्या भागातलं ऊन हा वेगळाच विषय आहे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळला पारा 45 च्या घरात जातो आणि तुमच्याकडेही फार कमी नसतो. उन्हात कातडी थंड ठेवायला रक्त तिकडे वळतं, घामाने पाणी जातं आणि हृदयावर दुहेरी काम पडतं. होळीनंतर चालणं उजाडताच सुरू आणि उन्हं अंगावर यायच्या आत संपलं पाहिजे. त्या तीन महिन्यांत अंतर कमी झालं तरी चालेल, खंड पडायला नको. घरातल्या घरात फेऱ्या मारल्या तरी त्या व्यायामातच मोडतात.

पुढचं मात्र थट्टेवारी नेऊ नका. चालता चालता डोळ्यांपुढे अंधारी आली, शुद्ध गेली, छातीत दुखलं, ठोके अचानक धडधडत सुटले आणि बसल्यावरही थांबेनात, तर त्याच दिवशी दवाखाना. पावलांवर सूज, काल झेपलं ते आज न झेपणं, हेही आठवड्याच्या आत दाखवायचं. आणि अंगात बारीक ताप आठ-दहा दिवस रेंगाळला तर स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका, आधी रक्ततपासणी. दुरुस्त केलेल्या हृदयाच्या आतल्या अस्तरावर जंतू बसू शकतात, आणि त्यांची एक नेहमीची वाट किडलेल्या दातांतून जाते. दात काढायचा झाला तर दंतवैद्याला हृदयाचं ऑपरेशन आधी सांगा.

आता गडाचं. खानदेशातून चैत्रात गडाकडे निघणाऱ्या दिंड्या मी लहानपणापासून पाहते. तुमची इच्छा मला समजते. तरी यंदा पायी जाऊ नका. तुम्ही रोज चार किलोमीटर चालता, दिंडीत त्याच्या सात-आठ पट, तेही सलग चार-पाच दिवस. वेग दिंडीचा, आपला नाही. ऊन चैत्राचं, झोप रस्त्याकडेला, पाणी मिळेल तेव्हा. यातली एखादी गोष्ट असती तर वाट काढता आली असती. शिवाय तपासण्या बाकी आहेत. यंदा दिंडीला निरोप द्यायला वेशीपर्यंत चाला, मग बसने गडाच्या पायथ्याला त्यांना गाठा. अहवाल आणि त्या दिवशीचा दम बरोबर असेल तर पायऱ्या चढा, दर टप्प्यावर टेका. नाही जमलं तर वर जायला फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, ती घेण्यात भक्ती उणी होत नाही. पुढच्या वर्षीच्या दिंडीचं एमआरआयचा अहवाल आल्यावर बोलू, तेव्हा एक-दोन मुक्काम पायी चालायचे का ते ठरवू. त्याची तयारी दिवाळीपासून करावी लागेल.

हे सदर वाचणाऱ्या इतरांनी तुमचं उत्तर जसंच्या तसं स्वतःला लावू नये, म्हणून थोडक्यात सांगते. भोक पूर्ण बंद झालंय आणि मागे काही उरलं नाही, अशांना बहुधा कुठलीच बंदी नसते. ज्यांच्या फुप्फुसातला दाब कायमचा चढलाय, ओठ आजही निळे आहेत, त्यांनी दमछाकीचा व्यायाम टाळायचा. त्यांना उंच डोंगर आणि अंगातलं पाणी आटणं दोन्ही घातक. महाधमनी फुगलेली असेल तर जड वजनं वर्ज्य. रक्त पातळ करायची गोळी किंवा पेसमेकर असेल तर कबड्डीसारखे धक्काबुक्कीचे खेळ नकोत. आणि ज्यांचं हृदय एकाच कामाच्या कप्प्यावर चालतं, फोंटान शस्त्रक्रिया झालेली असते, त्यांच्या पोटऱ्यांची ताकद रक्त वर ढकलायला हातभार लावते, म्हणून त्यांना पायांचे व्यायाम खास शिकवावे लागतात. यातलं प्रत्येक वाक्य आपापल्या डॉक्टरांसमोर तपासून घ्या.

भावाला आणखी एक सांगा. अमेरिकेचा शॉन व्हाइट हा खेळाडू हाच फॅलोचा दोष घेऊन जन्मला, बाळपणीच ऑपरेशन झालं, आणि बर्फावरच्या स्नोबोर्डच्या खेळात त्याने 2006, 2010 आणि 2018 अशी तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकली. तुम्ही त्याच्यासारखं काही करावं असं मी मुळीच म्हणत नाही, त्याच्या मागे डॉक्टरांचा ताफा होता. पण ‘हा दोष म्हणजे आयुष्यभर बसून राहणं’ हे खरं नाही, एवढं त्यातून कळतं.

राहिली तुमच्या वर्गातली मुलगी. हा भाग लिहायला मी पत्र दोनदा बाजूला ठेवलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाल्यापासून त्याची पथकं अंगणवाडी-शाळांत जाऊन मुलं तपासतात, आणि आपल्याकडच्या कित्येक मुलांचे हृदयदोष त्यातूनच सापडून ऑपरेशनं झालीत. ऑपरेशन होतं, मूल शाळेत येतं, आणि पीटीच्या तासाला काय करायचं हे कोणी विचारतच नाही. मग ते निंबाखाली बसतं. एकदा बसलं की चौथीपर्यंत, सातवीपर्यंत तिथेच बसतं.

तुम्ही विचारा. तिच्या आईवडिलांना शाळेत बोलवा, डिस्चार्जचा कागद आणायला सांगा. पुढच्या तपासणीला जातील तेव्हा डॉक्टरांकडून एका ओळीची चिठ्ठी मागायला सांगा : भोकातून गळती उरली आहे का, आणि ही मुलगी काय काय खेळू शकते. ‘काय खेळू नये’ असं विचारलं तर बहुतेक जण जास्तच लिहितात, म्हणून प्रश्न असाच विचारायचा. चिठ्ठीत मोकळीक आली तर पहिल्या दिवशी तिला शर्यतीत उतरवू नका. तिला मैदानाची एक फेरी तुमचं बोट धरून चालू द्या. दम लागला की स्वतः थांबायची मुभा आहे हे तिला सांगा, मुलं ते बरोबर पाळतात. आणि दप्तरं राखायला रोज वेगळा मुलगा बसवा, आळीपाळीने.

चिठ्ठी आली की मला कळवा. तुमचे स्वतःचे अहवालही त्याच पाकिटात पाठवा.

तुमची,
फिजिओथेरपिस्ट ताई